पहिल्या जहाजाचा डिनरसेट : नोंदवहीतली पानं

मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या एका गावाच्या इतिहास मंडळात मी कंत्राटावर वस्तूंची नोंदणी करते. तिथल्या एका जुन्या दर्यावर्दी घराण्याने आपला निळा-पांढरा चिनी डिनरसेट मंडळाला दिला, त्याचं हे काम. वहीतल्या नोंदी नावं-गावं गाळून, थोड्या साफसूफ करून देते आहे.

९ जानेवारी २०२४

खोकी आली. केळ्यांची खोकी, आत वर्तमानपत्रं, वर्तमानपत्रांत ताटं. कागदावर निक्सनच्या राजीनाम्याची बातमी, म्हणजे १९७४ पासून हे सामान कुणी उघडलेलं दिसत नाही. ग्लेजला, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या लेपाला, शाई धरत नाही म्हणून निभावलं. बुडाची कडा मात्र कोरी असते, तिथे करडेपणा उतरलाय.

देणगीपत्रात एक ओळ आहे: 'एम्प्रेस ऑफ चायना' या जहाजातून १७८५ मध्ये आलेला डिनरसेट. चीनला जाऊन आलेलं हे पहिलं अमेरिकी जहाज. या किनाऱ्यावर नोकरी करायची तर ही ओळ पाठच हवी. आपल्याकडे कुठल्याही किल्ल्यावर गाइड एक भुयार दाखवतो आणि ते थेट पुढच्या किल्ल्यावर निघतं म्हणून सांगतो, तशी इथली प्रत्येक निळी बशी त्या एका जहाजातून आलेली असते.

घराण्यातल्या एक बाई खोक्यांबरोबर आल्या होत्या. विचारलं, कागदपत्र काही? म्हणाल्या, आजी सांगायची. ठीक. आजीचं म्हणणंही नोंदीत जातं, 'कौटुंबिक आठवण' या रकान्यात.

१० जानेवारी

मोजणी. झाकणं, जाळ्या वेगळ्या धरून १४३ नग. जेवणाची ताटं, सूपची खोल ताटं, लहान बशा, लांबट आठकोनी तबकं उतरत्या आकारात, सूपची दोन मोठी झाकणाची भांडी (इथे ट्युरीन म्हणतात), सॉसची छोटी भांडी, भाजीसाठी झाकणाचे चौकोनी वाडगे, मासे निथळायची भोकांची जाळी, आणि एक गरम पाण्याचं ताट. हे शेवटचं फार आवडलं. वरून साधं ताट, खाली पोकळ पोट, बाजूला दोन छोट्या तोट्या. पोटात कढत पाणी भरायचं म्हणजे वरचं मटण गार होत नाही. न्यू इंग्लंडच्या जानेवारीत याची किंमत कळते.

शिवाय वेगळ्या खोक्यात चहाचा सेट. त्यावर गरुड. त्याचं नंतर.

नोंदणी क्रमांक बुडावर घालायला सुरुवात केली. आधी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक राळेचा पातळ थर, त्यावर शाईने आकडा, वर पुन्हा तोच थर. उद्या कुणाला पुसायचा झाला तर ॲसिटोनचा बोळा फिरवला की झालं. सोन्याच्या रेघेवर किंवा वरच्या रंगावर हे कधीच करायचं नाही.

१६ जानेवारी

सगळी ताटं पालथी घालून लांब टेबलावर मांडली. चिनी भांड्याची तोंडं बघत बसलं की सगळी सारखी दिसतात. बुडं बघितली की वेगळी होतात.

चार ढीग झाले.

पहिला: फिट्झह्यू नक्षी. मध्ये गोल पदक, भोवती फुलं आणि पंडिताच्या सामानाचे चार गुच्छ, काठावर उघडं डाळिंब, पंख पसरलेली फुलपाखरं आणि जाळीकाम. हे नाव ईस्ट इंडिया कंपनीशी जोडलेल्या एका इंग्रज घराण्यावरून पडलं. चिनी चिताऱ्याला ते सांगितलं असतं तर तो बघतच राहिला असता. या ढिगातलं पोर्सिलेन पातळ आहे, निळा रंग नेमका आणि काठ सरळ.

दुसरा: ज्याला इथे नुसतं 'कँटन' म्हणतात ते, चीनच्या त्या बंदरावरून (आजचं ग्वांगझौ). पाणी, पूल, चहाघर, झाडं, होड्या, मागे डोंगर. काठावर आडव्या-उभ्या रेघांची गर्द निळी पट्टी आणि तिच्या आतल्या बाजूला ढगांसारखी लाटालाटांची किनार. पुलावर माणूस नाही. याच देखाव्यात काठाला भाल्याच्या टोकांची किनार असली, पुलावर छत्रीवाला असला आणि वर सोनं फिरवलेलं असलं, तर त्याला नानकिंग म्हणायचं आणि जास्त पैसे मागायचे. आपल्या ढिगात नानकिंग एकही नाही. कँटनची ताटं जड, ग्लेज करडं, त्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे, बुडाची कोरी कडा भट्टीत भाजून तांबूस झालेली. खाली शिक्का नाही.

तिसरा: तसंच कँटन, पण बुडावर इंग्रजीत 'चायना' किंवा 'मेड इन चायना'.

चौथा: निळीच ताटं, पण हाताला हलकी लागतात. बाजूला ठेवली.

म्हणजे ज्याला घराणं 'सेट' म्हणतंय त्यात निदान चार वेगवेगळ्या खरेद्या आहेत.

२३ जानेवारी

आज जहाजाचा हिशेब मांडला, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर तोंडावर आकडे असतील.

'एम्प्रेस ऑफ चायना' न्यूयॉर्कहून २२ फेब्रुवारी १७८४ ला निघालं, वॉशिंग्टनच्या वाढदिवशी. इंग्लंडशी तह होऊन वर्षही झालेलं नव्हतं. कप्तान जॉन ग्रीन, व्यापाराचा कारभार सॅम्युएल शॉकडे. पोटात सुमारे ३० टन जिनसेंग हे औषधी मूळ, कारण चिन्यांना हवी असलेली आणि अमेरिकेच्या जंगलात फुकट उगवणारी ती एकच चीज होती. ऑगस्टअखेर कँटनजवळच्या व्हाम्पोआला नांगर, डिसेंबरअखेर परतीचा प्रवास, ११ मे १७८५ ला न्यूयॉर्क. आणलेल्या मालात मुख्य चहा. चिनी भांडी ९६२ पिकल (एक पिकल सुमारे ६० किलोचा), म्हणजे ढोबळमानाने ५८ टन.

अठ्ठावन्न टन कशाला? तर भांडी पाण्याने भिजत नाहीत. जहाजाच्या तळाशी नेहमीच घाण पाणी साचतं. तिथे चहाची पेटी ठेवली तर चहा गेला. म्हणून खाली भांड्यांच्या पेट्यांची फरशी घालायची, तिच्या वर चहा रचायचा. जहाजाला वजन मिळतं आणि त्या वजनाचेही पैसे होतात. कँटनची भांडी जाड, ओबड आणि स्वस्त का, याचं निम्मं उत्तर इथे आहे.

आता आपल्या सेटचं. फिट्झह्यू नक्षी १७८० च्या दशकातही होती, त्यामुळे नक्षीवरून ते जहाज बाद करता येत नाही. मग गावच्या दफनभूमीत गेले. ज्या कॅप्टनने सेट आणला असं आजी सांगायची, त्याच्या दगडावर जन्मसाल १७७९. पहिलं जहाज परतलं तेव्हा हा सहा वर्षांचा होता.

२५ जानेवारी

काऊंटीच्या दप्तरात कॅप्टनच्या मृत्यूनंतरची मालमत्ता यादी मिळाली, १८३६ ची. माणूस गेला की शेजारचे तिघे प्रतिष्ठित घरात फिरून खुर्चीपासून चिमट्यापर्यंत सगळ्याची किंमत लावत. त्यात एक ओळ: निळ्या चिनी भांड्यांचा जेवणाचा संच, अपुरा.

अपुरा. १८३६ मध्येच. हा शब्द सापडल्यापासून माझा या कामाचा रोख बदलला. मंडळाला एक अखंड सेट हवा आहे. हा सेट बहुधा कॅप्टनच्या डोळ्यांदेखतच फुटायला लागला होता आणि पुढच्या लोकांनी तो भरत नेला. आपण भरत नेण्याची नोंद ठेवायची.

३० जानेवारी

फिट्झह्यूचं मोठं तबक खिडकीत नेऊन तिरप्या उजेडात धरलं. मधल्या पदकावर सुरीचे शेकडो ओरखडे, बहुतेक एकाच दिशेला, डावीकडून वर चढणारे. वाढणारा माणूस उजव्या हाताचा आणि तबक रोज त्याच बाजूने पुढ्यात येणारं. पदकातली बारीक फुलं त्यामुळे धुक्यातून बघितल्यासारखी दिसतात. खाली निळा रंग मात्र शाबूत आहे, कारण तो ग्लेजच्या आत आहे: कोबाल्टने कच्च्या भांड्यावर रंगवायचं, वरून ग्लेज द्यायचं आणि १३०० अंशांच्या आसपास एकदाच भाजायचं. सुरी ग्लेज खरवडते, रंगापर्यंत पोचत नाही.

काठाच्या एका कोपऱ्यात चिताऱ्याचा ब्रश उचलताना एक थेंब सांडलाय. चिमुकला निळा ठिपका, फुलपाखराच्या मिशीजवळ. पुसला नाही, तसाच भाजून निघाला.

जेवणाच्या ताटांपेक्षा सूपच्या खोल ताटांवर ओरखडे कमी, हे साहजिक. पण लहान बशा जवळजवळ कोऱ्या आहेत. गोडाधोडाच्या बशा सणासुदीलाच निघत असाव्यात.

६ फेब्रुवारी

गरुडाचा चहाचा सेट.

अमेरिकेने १७८२ मध्ये राजमुद्रा ठरवली, गरुड आणि छातीवर ढाल. लगेच सगळ्यांना आपल्या किटलीवर गरुड हवा झाला. कँटनच्या चिताऱ्याने गरुड बघितलेला नव्हता. त्याच्यापुढे एखादं नाणं नाहीतर कागदावरचं चित्र ठेवायचं आणि 'असाच काढ' म्हणायचं. आमच्या किटलीवरचा पक्षी मानेने हडकुळा, पोटाने गुबगुबीत, पायांत बाणांऐवजी काटक्या धरल्यासारखा. मंडळातल्या स्वयंसेवकांनी त्याला कोंबडी म्हणायला सुरुवातही केली आहे. ढालीत सोन्याने आद्याक्षरं होती, त्यातलं एकच अर्धवट उरलंय. तोंडाला निळ्या मिन्याची पट्टी आणि तीवर सोन्याच्या चांदण्या.

इथे सोनं, तपकिरी, निळा मिना सगळं ग्लेजच्या वर आहे, म्हणून झिजलं. आणि म्हणूनच ही मागणी लवकर पुरी होऊ शकली. कोरी पांढरी भांडी जियांग्शी प्रांतातल्या जिंगडेझेनहून येत: नदीतून पोयांग सरोवर, पुढे गान नदीतून दक्षिणेकडे, मग मेइलिंग खिंडीतून हमालांच्या खांद्यावर, पलीकडे पुन्हा होडीने कँटनला. कँटनमध्ये चिताऱ्यांचे कारखाने होते. एकेका लांब दालनात शंभराच्या वर माणसं बसलेली, एक जण नुसत्या रेघा ओढतोय, दुसरा पानं, तिसरा फुलं, म्हातारे आणि लहान मुलंसुद्धा. रंग चढला की ७००-८०० अंशांच्या छोट्या भट्टीत पुन्हा एकदा भाजायचं. पाहुण्या जहाजाचा मुक्काम चार-पाच महिन्यांचा: नैर्ऋत्य वाऱ्याने यायचं, ईशान्येचा सुटला की निघायचं. तेवढ्यात आद्याक्षरं आणि गरुड होऊन जात. ग्लेजखालचा निळा डिनरसेट तुमच्या मर्जीचा हवा असेल तर मात्र मागणी थेट जिंगडेझेनला जायची आणि माल पुढच्या मोसमाला मिळायचा. पहिल्याच जहाजातून फर्मावलेला निळा सेट येणं त्यामुळेही अवघड.

त्या शॉलाही हा अनुभव आला होता. स्वातंत्र्ययुद्धातल्या अधिकाऱ्यांची 'सोसायटी ऑफ द सिनसिनाटी' नावाची संघटना होती, शॉ तिचा सभासद. त्याने कँटनमध्ये तिच्या बोधचिन्हासाठी चिताऱ्याला निरनिराळी चित्रं दिली. चिताऱ्याने एकेक आकृती सुरेख उतरवली, पण त्या एकत्र बसवून दृश्य करायला सांगितलं की सगळा घोळ. पुढे तुतारी घेतलेल्या कीर्तिदेवतेच्या हातात पदक दिलेली सोपी नक्षी झाली आणि तसा ३०२ नगांचा सेट वॉशिंग्टनने १७८६ मध्ये हेन्री लीमार्फत घेतला. त्यातले बरेच नग आज डेलावेअरच्या विंटरथर संग्रहालयात आहेत.

आणखी एक, विसरायच्या आत. १८०४ मध्ये याम शिनक्वा नावाच्या कँटनच्या भांडीवाल्याने रोड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती: मानचिन्हं, आद्याक्षरं, हवी ती नक्षी उत्तम प्रकारे आणि माफक दरात काढून मिळेल. कँटनच्या गल्लीतल्या दुकानदाराला प्रॉव्हिडन्समधलं गिऱ्हाईक माहीत होतं. पूर्वेकडचे बिचारे कारागीर आणि पश्चिमेकडचे चतुर व्यापारी असं चित्र रंगवणाऱ्यांनी ही जाहिरात डोळ्यांसमोर ठेवावी.

१४ फेब्रुवारी

दिवे घालवून अतिनील टॉर्च. दोन ताटांचे काठ दुधी चमकले: जुन्या टवक्यांत कुणीतरी लांबी भरून वरून निळा रंग मारलाय. दिवसाउजेडी कळतही नव्हतं. नोंद केली, हात लावला नाही.

२० फेब्रुवारी

टाके घातलेलं तबक.

कँटनचं आठकोनी तबक, मधोमध आरपार तडा. पुढून बघितलं तर केसासारखी तपकिरी रेघ. उलटं केलं की पितळेचे सात टाके, तड्याला काटकोनात, एखाद्या पोटावरच्या शस्त्रक्रियेच्या खुणेसारखे. डिंकाचा भरवसा नव्हता त्या काळात भांडं सांधायची हीच रीत, चीनमध्ये आणि युरोप-अमेरिकेतही. तड्याच्या दोन्ही बाजूंना हिऱ्याच्या टोकाच्या सामत्याने भोक पाडायचं, जाडीच्या निम्म्यापर्यंतच. समोर भोक दिसलं तर कारागिराची लाज गेली. मग टाक्याची टोकं किंचित आत वळवून, तापवून बसवायची. धातू निवताना आकसतो आणि दोन्ही तुकडे एकमेकांवर आवळून धरतो. मी टिचकी मारून पाहिली. आवाज बद्द येतो, पण तबक जरासुद्धा हलत नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं काम असावं.

टाक्यांभोवती हिरवट गंज आणि भोकांत प्लास्टर आहे. लोखंडी असते तर गंजाचे डाग ग्लेजखाली पसरले असते, तेव्हा टाकेवाल्याने पितळ वापरलं हे बरं केलं.

मंडळातल्या एकाचं म्हणणं, टाके काढून आधुनिक चिकट राळेने सांधू, प्रदर्शनात बरं दिसेल. मी नाही म्हटलं. सांधा घट्ट आहे, टाक्यांनी इजा होत नाही, आणि एवढ्या स्वस्तातल्या तबकासाठी कुणीतरी कारागिराला पैसे मोजले, हेच तर या तबकाचं सांगण्यासारखं आहे. कपाटात ते उलटं ठेवून खाली आरसा लावू, असं सुचवलंय.

२७ फेब्रुवारी

चौथा ढीग. ताटामागे टॉर्च धरून बोट आडवं फिरवलं. पहिल्या तीन ढिगांत बोटाची सावली पुढून दिसते. इथे काळोख. म्हणजे पोर्सिलेन नव्हेच, इंग्लंडची मातीची भांडी. स्टॅफर्डशायर, विलो नक्षी.

खुणा सगळ्या जागच्या जागी: बुडावर तीन बारीक ठिपके, भट्टीत ताटाला टेकू दिलेल्या तिपाईच्या टोकांचे. काठावर एका ठिकाणी जाळीकामाचे दोन तुकडे एकमेकांशी जुळत नाहीत, कारण ही नक्षी तांब्याच्या पत्र्यावरून पातळ कागदावर घेऊन मग ताटावर चिकटवलेली असते, कागद संपला तिथे सांधा येतो. जिथे टवका उडालाय तिथे आतली माती पिवळट आणि तेलाने डागाळलेली. खऱ्या पोर्सिलेनचा टवका पांढरा, चकचकीत, खडीसाखरेच्या तुकड्यासारखा असतो, डाग धरत नाही.

देखाव्यातही फरक. इथे पुलावर तीन माणसं आणि आभाळात दोन पाखरं. ती प्रेमिकांची गोष्ट, बापाने पाठलाग केला, दोघं पाखरं झाले, वगैरे, इंग्लंडातच भांडी खपवायला रचली गेली. चीनच्या कँटन ताटात ना ती पाखरं, ना ती माणसं. इंग्रजांनी चिनी देखाव्याची नक्कल केली, ती स्वस्तात छापली आणि अमेरिकेत विकून चिनी मालाचंच गिऱ्हाईक फोडलं. इंग्लंड-अमेरिकेच्या १८१२ च्या युद्धानंतर ही छापील भांडी इथे ढिगाने येऊ लागली. कॅप्टनच्या सुनेने किंवा नातसुनेने फुटलेल्या चिनी ताटांच्या जागी ही आणली असणार. निळं ते निळं, पाहुण्याला लांबून काय कळतंय!

५ मार्च

दादरच्या मावशीचा फोन. हल्ली काय चाललंय विचारलं, तर तिला तबकाचा फोटो पाठवला. म्हणाली, "अगं, असलं काहीतरी आमच्या शाळेतल्या पारशी बाईंकडे होतं. पण निळं नाही, गुलाबी-हिरवं. खणाखणांचं. एका खणात माणसं, पुढच्या खणात फुलं-पाखरं. आम्हाला केक द्यायच्या त्या मात्र स्टीलच्या बशीतून! ती कपाटातलीच राहायची." मावशीने केलेलं वर्णन रोझ मेडॅलियनचं आहे. १८४० च्या सुमारापासून पुढे जगभर खपलेली कँटनचीच नक्षी. अमेरिकेत पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जनरल ग्रँटच्या घरीही आद्याक्षरं घातलेला त्या घाटाचा सेट होता.

मुंबईच्या पारशी घरांत चिनी भांडी आली ती त्याच कँटनहून, त्याच काळात. सर जमशेटजी जीजीभॉय ऐन तारुण्यात चीनच्या सफरी करत होते. १८०५ मध्ये ते ज्या 'ब्रन्सविक' जहाजावर होते ते फ्रेंचांनी पकडलं, त्याच जहाजावर विल्यम जार्डिन नावाचा डॉक्टर होता. पुढे तो अफूच्या व्यापारातला बडा असामी झाला आणि जमशेटजी त्याचे मुंबईतले मोठे भागीदार. मुंबईहून कापूस जाई, मग माळव्याची अफू. परत येताना रेशीम, गारा साड्या, भांडी.

इथल्या लोकांनाही तोच प्रश्न होता: चिन्यांना द्यायचं काय? जिनसेंगने बाजार लवकरच भरला. मग स्पॅनिश चांदीचे डॉलर, वायव्य किनाऱ्यावरची समुद्री ऊदमांजराची कातडी, हवाईचं चंदन. आणि बॉस्टनच्या काही घरांनी तुर्कस्तानातली अफू. गावच्या संग्रहालयांत ही गोष्ट अजून दबक्या आवाजात सांगतात. नोंदीच्या 'व्यापारी पार्श्वभूमी' रकान्यात मी अफू शब्द लिहिलाय. आमच्या कॅप्टनने ती नेली याचा पुरावा नाही, तेही लिहिलंय.

मावशीला सांगितलं की याच किनाऱ्यावरून १८३४ मध्ये मुंबईला जहाजाने बर्फ गेला होता. तिला ताटांपेक्षा ते जास्त आवडलं.

१२ मार्च

समितीची बैठक. मुद्दा तिसऱ्या आणि चौथ्या ढिगाचा. सूचना अशी आली की इंग्लंडची ताटं आणि शिक्क्यांची ताटं 'सेटचा भाग नाहीत' म्हणून परत करावीत किंवा विकावीत. मूळ तेवढं ठेवू.

मी पुढचं मांडलं. शिक्का असण्याचं कारण १८९० चा मॅकिन्ली जकात कायदा: १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव इंग्रजीत असणं सक्तीचं झालं. म्हणून 'चायना' एवढंच लिहिलेली ताटं त्यानंतरची, 'मेड इन चायना' साधारण १९२० च्या पुढची. म्हणजे घराणं चार पिढ्या तीच नक्षी शोधून आणत होतं. कॅप्टनच्या पणतीने बॉस्टनच्या दुकानात उभं राहून आजीच्या ताटाशी जुळेल असं ताट निवडलं असेल. आपण ते बाजूला काढलं तर आपल्याकडे उरतात त्या जगात पुष्कळ ठिकाणी असलेल्या काही फिट्झह्यू आणि कँटन बशा. एकत्र ठेवलं तर सव्वाशे वर्षांचं एक स्वयंपाकघर उरतं.

खजिनदारांनी विचारलं, मग विम्यासाठी कुठली किंमत लावायची? रास्त प्रश्न. नगागणिक लावू म्हटलं. फिट्झह्यूची मोठी तबकं आणि ट्युरीन महाग, कँटनची ताटं मध्यम, स्टॅफर्डशायर किरकोळ. ट्युरीनचे कान रानडुकराच्या मुंडक्याचे आहेत आणि दोन्ही शाबूत, त्याला वेगळी किंमत येते. गरुडाची किटली तज्ज्ञाकडून तपासून घ्यायची, कारण पॅरिसच्या सॅम्सनच्या कारखान्याने एकोणिसाव्या शतकात असल्या भांड्यांच्या बेमालूम नकला केल्या आहेत. माझ्या मते ही चिनीच आहे: बुडाची कोरी कडा, ग्लेजमधले खड्डे, आणि आतल्या गाळणीच्या भोकांभोवती साचलेलं ग्लेज. पण माझं मत विमा कंपनीला चालत नाही.

ठराव: सगळे नग एकाच नोंदणी संचात राहतील. एक मत विरोधात.

१९ मार्च

पेट्या. आम्लरहित पुठ्ठा, पॉलिथिलीन फोमचे चकतीसारखे तुकडे दोन ताटांच्या मध्ये. जास्तीत जास्त सहा ताटं एकावर एक. कानाला धरून काहीही उचलायचं नाही, हे पेटीवर मोठ्या अक्षरांत. गरुडाच्या कपांतून उद्घाटनाला चहा देऊ का, असं एका उत्साही स्वयंसेवकाने विचारलं. ग्लेजवरच्या जुन्या रंगांत शिसं असतं, नको.

२८ मार्च

प्रदर्शनाच्या पाटीवरून दोन आठवडे पत्रापत्री. देणगीदार बाईंना 'एम्प्रेस ऑफ चायना' हवंच होतं. त्यांना दफनभूमीतल्या दगडाचा फोटो आणि १८३६ ची यादी दाखवली. थोडा वेळ गप्प बसल्या, मग विचारलं, 'मग आजी खोटं बोलत होती?' मी म्हटलं, आजीला तिच्या आजीने सांगितलं असेल, आणि तिला कुणी तरी 'पहिल्या काळातलं आहे' म्हटलं असेल. कॅप्टन खरोखरच १८०० नंतर कँटनला गेला असेल, त्याचाही कागद मिळू शकतो. सेलम या जुन्या बंदराच्या गावातल्या संग्रहालयाकडे जहाजांच्या रोजनिशा आहेत, तिकडे पत्र टाकलंय.

शेवटी पाटी अशी ठरली:

'निळी-पांढरी जेवणाची भांडी. चीन (जिंगडेझेन आणि कँटन) व इंग्लंड (स्टॅफर्डशायर), सुमारे १८०० ते १९२५. एका दर्यावर्दी घराण्याने चार पिढ्या वापरली, सांधली आणि वेळोवेळी भरून काढली. कौटुंबिक आठवणीनुसार सेटचा काही भाग पहिल्या अमेरिकी जहाजातून आला.'

शेवटचं वाक्य बाईंसाठी. 'काही भाग' हे शब्द त्यांनी स्वतः सुचवले.

बाकी राहिलेलं: गरम पाण्याच्या ताटाचा आतून एन्डोस्कोपने फोटो (पोटात काहीतरी खुळखुळतंय, बहुतेक क्षाराचा थर सुटलाय), तीन झाकणांची जुळणी, आणि टाक्यांच्या तबकाखालचा आरसा. सुताराने दिलेला आरसा अर्धा इंच मोठा आलाय, तो बदलून मागवलाय.